आंबा-मासळीवाल्यांशी परदेशी हॅकरांचे काय देणेघेणे?

रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या व्हॉट्सॲप गटांवर सध्या एक संदेश फिरतो आहे: सरकारे पोसतात ते हॅकर लष्करी गुपितांच्या मागे असतात, पैसे लुटणारे चोर वेगळे, आणि आंबा-मासळीवर जगणाऱ्या कोकणी माणसाने दोघांनाही भिण्याचे कारण नाही.

पहिले विधान कोकणच्याच किनाऱ्यावर खोटे ठरले आहे. २७ जून २०१७ रोजी युक्रेनमधील हिशेबाच्या एका सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून ‘नॉटपेट्या’ हा संगणकातील फायली कुलूपबंद करणारा घातक प्रोग्रॅम पसरला आणि मर्स्क या जहाजवाहतूक कंपनीच्या यंत्रणेमार्फत उरणजवळच्या न्हावा-शेवा बंदरात पोहोचून त्याने तिच्या टर्मिनलचे कामकाज विस्कळीत केले. पडद्यावर ३०० डॉलरच्या बिटकॉइनची खंडणी मागितलेली दिसे. पण कुठल्या संगणकाची किल्ली द्यायची हे ज्यावरून कळावे, तो सोबतचा ओळखक्रमांकच वाटेल तसा तयार केलेला असल्याने पैसे भरूनही फायली उघडणे शक्य नव्हते, म्हणजे खंडणी हे निव्वळ सोंग होते. २०२० साली अमेरिकेने या प्रकरणी रशियन लष्करी गुप्तचर संस्थेच्या सहा अधिकाऱ्यांवर आरोप ठेवले. रशियाने ते नाकारले. नेम युक्रेनवर होता, हे खरे. पण रत्नागिरीची गोठवलेली मासळी ज्या बंदरातून परदेशी जाते, तेही त्यात सापडले.

सरकारे पैसे चोरत नाहीत, हेही टिकत नाही. फेब्रुवारी २०१६ मध्ये बांगलादेशच्या मध्यवर्ती बँकेचे ८ कोटी १० लाख डॉलर लंपास झाले, आणि त्या चोरीचा ठपका उत्तर कोरियावर आहे. निर्बंधांनी परकीय चलनाच्या वाटा बंद झालेल्या राजवटीला असा दरोडा हे उत्पन्नाचे साधनच असते. ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस या सहकारी बँकेचे सुमारे ९४ कोटी रुपये गेले, त्यातही संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञांनी त्याच देशाकडे बोट दाखवले.

उरला भिण्याचा प्रश्न. आंबा बागायतदाराचा फोन फोडायला कुणी परदेशी अधिकारी बसलेला नाही, एवढे संदेशकर्त्याचे मान्य. परंतु कॉसमॉसची रोकड बनावट कार्डांनी २८ देशांतल्या एटीएममधून काढली गेली, आणि त्यांत घाट चढला की लागणाऱ्या कोल्हापुरातलीही एटीएम होती. चोरी कुणाचीही असो, पैसा बाहेर काढायला सामान्य माणसाचा हात किंवा खाते लागते. माझ्या ओळखीच्या एका होडीमालकाने पावसाळी मासेमारीबंदीत हाताला काम नसताना, महिना पाच हजारांच्या बोलीवर, आपले पासबुक आणि एटीएम कार्ड एका ‘एजंटा’ला दिले. जुलैअखेर परराज्यातील पोलिसांच्या पत्रावरून खाते गोठवले गेले, आणि पहिल्या फेरीच्या डिझेलसाठी बाजूला ठेवलेले पैसेही त्याच खात्यात होते.