कुपी, नळ्या आणि पेनड्राइव्ह

५ फेब्रुवारी २००३ रोजी अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री कॉलिन पॉवेल यांनी संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेत, इराककडे घातक शस्त्रं आहेत असं सांगता सांगता, एक छोटी कुपी वर धरली. आत पांढरी पूड. अँथ्रॅक्स या जीवघेण्या रोगाचे जंतू चमचाभरही लागत नाहीत, एवढ्याने हाहाकार माजतो, हे पटवण्यासाठी. ती कुपी इराकमध्ये सापडलेली नव्हती, आतली पूडही नकली होती. तसा दावा त्यांनी केलाही नव्हता. पण फोटो जगभर गेला आणि लोकांच्या डोक्यात राहिली ती कुपीच.

त्याच भाषणात अॅल्युमिनियमच्या नळ्या होत्या. इराकला त्या सेंट्रिफ्यूजसाठी, म्हणजे अणुबॉम्बसाठी युरेनियम समृद्ध करणाऱ्या यंत्रांसाठी हव्यात, असा आरोप. या नळ्या मात्र खऱ्या होत्या, म्हणून तपासता आल्या. ७ मार्चला आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेचे प्रमुख मोहम्मद अल बरादेई यांनी त्याच परिषदेत सांगितलं, की ८१ मिलिमीटरच्या या नळ्या रॉकेटखेरीज आणखी कशासाठी होत्या याचा काही पुरावा मिळाला नाही. २० मार्चला युद्ध पेटलं. हा अहवाल किती जणांना आठवतो? याची मला आजही चीड येते.

आपल्याकडे साध्या चोरीतही जप्ती करताना पोलीस पंच बोलावतात. वस्तू कुठे मिळाली, कशा अवस्थेत होती, सगळं पंचनाम्यात येतं. पाकिटाला लाखेचं सील, त्यावर पंचांच्या सह्यांची चिठ्ठी. मुंबईत कलिनाच्या न्यायवैद्यक प्रयोगशाळेत पोचेपर्यंत मुद्देमाल कोणाच्या ताब्यात होता याचीही नोंद. सील तुटलेलं निघालं की आरोपीचा वकील तिथेच बोट ठेवतो, आणि ठेवायलाच हवं. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमात तर डिजिटल पुराव्याच्या प्रमाणपत्रात हॅश व्हॅल्यू, म्हणजे फाइलमधल्या मजकुरावरून काढलेला आकडा, द्यावी लागते. फाइलमधलं एक अक्षर बदललं तरी तो आकडा बदलतो.

पाकीटमाराच्या खटल्यात एवढी काळजी, आणि पत्रकार परिषदेत कुणा नेत्याने फोनवरच्या रेकॉर्डिंगचा पेनड्राइव्ह उंचावला की संध्याकाळपर्यंत चॅनलवर निकालच लागलेला असतो! पक्ष कुठलाही असो, मला फरक पडत नाही. समोर बसलेल्या पत्रकारांनी तिथल्या तिथे विचारावं: हे कुठून आलं? कॉपी कोणी केली? मूळ फोन कुठे आहे? दुसऱ्या बाजूच्या तज्ज्ञाला तपासायला देणार का? या शेवटच्या प्रश्नाला नकार मिळाला, तर बातमीचं पहिलं वाक्य तोच नकार असायला हवा.