‘मला काय, काहीही चालेल’ म्हणणाऱ्यांनी तक्रारीचा हक्क सोडावा

सुट्टीचं बुकिंग हे काम जवळजवळ प्रत्येक घरात एकाच माणसाच्या गळ्यात पडलेलं असतं. आमच्या घरात ते माझ्या गळ्यात आहे. दुसरा माणूस सोफ्यावर लोळून, फोनमधून डोकं वर न काढता म्हणतो, "तू बघ गं, मला काय, काहीही चालेल."

ऐकायला किती समजूतदार वाटतं! फसू नका. ‘काहीही चालेल’ म्हणणारा माणूस निवडीतून अंग काढून घेतो, तक्रारीतून नाही. ती तो जपून ठेवतो आणि खोलीचं दार उघडलं की बाहेर काढतो. एसी घरघरतोय, गादी मधोमध खचलीय, बाल्कनीसमोर जनरेटर आहे. सामान आणून देणारा मुलगा अजून दारातच उभा आहे. आणि नवरा त्याच्याकडे नाही, माझ्याकडे बघून विचारतो, "रिव्ह्यू वाचले होतेस ना?"

झालं. त्या क्षणी रिसॉर्टवाला सुटला. आता जनरेटर माझा, गादी माझी, बाथरूममधला कुबट वासही माझाच. पुढचे दोन दिवस मी पाहुणी नसते, यजमान असते. "पाणी गरम येईल थोड्या वेळात", "अरे, पण जागा शांत आहे ना" अशी त्या हॉटेलची वकिली मी फुकट करत बसते. पैसे आम्हीच भरलेले असतात, हे त्या नादात दोघंही विसरतो.

मला हे पटत नाही. खोली खराब देणारा एक, मधल्या मध्ये कमिशन खाणारा दुसरा आणि बोलणी खाणारी तिसरीच, हा कुठला न्याय? राग येऊ दे, यायलाच हवा, पण योग्य पत्त्यावर जाऊ दे. आणि तो पत्ता कुठला हे कळायला हा सगळा धंदा चालतो कसा, ते जरा बघायला हवं.

फोटोंपासून सुरुवात करू. आपल्या डोळ्यांना जागा साधारण जशी दिसते, त्याच्या जवळ जाणारी लेन्स ५० मिलिमीटरची धरतात. खोल्यांचे फोटो मात्र बहुतेक वेळा १६ ते २४ मिलिमीटरच्या वाइड लेन्सने, कोपऱ्यात पाठ टेकवून काढलेले असतात. पलंगापासून भिंत लांब पळते, खोलीत नाचता येईल असं वाटतं. प्रत्यक्षात एकाला बाथरूमला जायचं असेल तर दुसऱ्याने पाय वर घ्यायचे. हे ओळखण्याची एक खूण मी शोधून ठेवलीय. फोटोच्या कडेला असलेली गोल वस्तू बघायची. दिवा, घड्याळ, आरसा, काहीही. ती अंड्यासारखी ताणलेली दिसली तर खोलीही तेवढीच ताणलेली आहे असं समजायचं. स्विमिंग पूलचं तर विचारूच नका. कॅमेरा पाण्याच्या पातळीला टेकवला की टाकीचाही तलाव होतो. एका ठिकाणी नवऱ्याने उत्साहाने सूर मारला आणि चार हात मारायच्या आत पलीकडच्या भिंतीला धडकला. तेव्हाही बाहेर येऊन पहिलं वाक्य मलाच.

काउंटरवर विचारलं तर एक ठरलेलं उत्तर येतं: "मॅडम, फोटो प्रातिनिधिक आहेत." कुणाचं प्रतिनिधित्व करतात, ते मात्र सांगत नाहीत.

आणि ती काचेची बाथरूम! ही कल्पना ज्या कुणाला सुचली, त्याचं लग्न झालेलं नसणार किंवा नुकतंच झालेलं असणार. पलंग आणि बाथरूम यांच्यामध्ये आरपार काच. वर्णनात लिहितात ‘रोमँटिक’. लग्नाला बरीच वर्षं झालेल्या जोडप्याला रोमान्सपेक्षा दाराला कडी जास्त हवी असते हो. आमच्या त्या खोलीत काचेवर पडदा होता, पण तो बाहेरच्या बाजूने, म्हणजे पलंगावर बसलेल्या माणसाने ओढायचा. त्यामुळे आत जाणाऱ्याने आधी सूचना द्यायची, बाहेरच्याने पडदा ओढायचा आणि टीव्हीचा आवाज वाढवायचा. ही कवायत दोन दिवस चालली. संसारात काही गोष्टी एकमेकांपासून लपलेल्याच बऱ्या, हे त्या इंटिरियरवाल्याला कुणीतरी सांगायला हवं.

आता जरा हिशोब. ‘दोन रात्री, तीन दिवस’ असं पॅकेज असतं. पहिल्या दिवशी दुपारी दोनला चेक-इन, तिसऱ्या दिवशी सकाळी अकराला चेक-आउट. मोजा. ७२ नाही, ४५ तास होतात. त्यातली झोप वजा करा, पहिल्या दिवशी चावी मिळेपर्यंत लॉबीत काढलेला वेळ वजा करा, शेवटच्या सकाळी चार्जर शोधण्यात गेलेला वेळ वजा करा. जे उरतं त्यात नवरा-बायकोने ‘क्वालिटी टाइम’ घालवायचा. त्यातलाही अर्धा वेळ ‘हा जनरेटर कुणामुळे नशिबी आला’ यावर जातो.

बरं, बुकिंग करणाऱ्याच्या डोक्यावर साइट कशी बसलेली असते, ते सोफ्यावरच्या माणसाला दिसत नाही. ‘फक्त एकच खोली शिल्लक’, ‘आत्ता इतके जण हे हॉटेल बघत आहेत’, वर लाल अक्षरात उलटं धावणारं घड्याळ. पुष्कळदा ती एक खोली म्हणजे त्या साइटच्या वाट्याला आलेल्यांपैकी शेवटची असते, हॉटेलातली नव्हे. हॉटेलला फोन लावला तर तशाच खोल्या रिकाम्या असू शकतात. आणि ते ‘बघणारे’ लोक भलत्याच तारखांसाठी बघत असू शकतात. हे मी मनाने सांगत नाही. ब्रिटनच्या स्पर्धा आणि बाजार प्राधिकरणाने याच गोष्टींवर बोट ठेवलं आणि फेब्रुवारी २०१९ मध्ये सहा मोठ्या बुकिंग साइट्सनी आपली पद्धत बदलण्याचं मान्य केलं. त्यात आणखीही एक गोष्ट होती. यादीत कोण वर येतं यावर साइटला मिळणाऱ्या पैशाचा परिणाम होत असेल, तर ते ग्राहकाला सांगायचं. म्हणजे ‘आमची शिफारस’ हे शब्द वाचताना कुणाच्या खिशातून शिफारस आली, तेही विचारायचं. ऑस्ट्रेलियात तर हॉटेलांच्या दरांची तुलना करून दाखवणाऱ्या ट्रिव्हागो या साइटला २०२२ मध्ये न्यायालयाने ४ कोटी ४७ लाख ऑस्ट्रेलियन डॉलरचा दंड ठोठावला. सगळ्यात स्वस्त दर दाखवतो असं सांगायचं आणि ठळकपणे दाखवायचा तो मात्र प्रत्येक क्लिकमागे जास्त पैसे मोजणाऱ्याचा दर, असा मामला होता.

भारतात ३० नोव्हेंबर २०२३ ला केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने अशा १३ क्लृप्त्यांची यादी काढून त्यांवर बंदी घातली. खोटी घाई लावणं त्यात आहे, न मागितलेली वस्तू गुपचूप बिलात सरकवणं आहे, किंमत थेंबाथेंबाने उघड करणं आहे. मला सगळ्यात आवडलेली क्लृप्ती म्हणजे ग्राहकाला लाजवणं. ‘नाही, मला माझ्या कुटुंबाच्या सुरक्षेची काळजी नाही’ अशा थाटाचं बटण दाबल्याशिवाय विमा काढून टाकता येत नाही, ते हेच. अमेरिकेत खोलीचा भाडेदर दाखवतानाच रिसॉर्ट फी वगैरे सक्तीचे आकार धरून एकूण रक्कम दाखवण्याचा नियम १२ मे २०२५ पासून लागू झाला. एवढ्या देशांच्या सरकारांना जे आवरायला नियम करावे लागतात, त्याच्यासमोर रात्री साडेअकराला एकटी बसलेली बायको ‘नीट बघत नाही’ म्हणे!

रिव्ह्यूंबद्दलही थोडं. "रिव्ह्यू वाचले होतेस ना?" हो बाबा, वाचले होते. पण त्यांच्यावर किती भिस्त ठेवायची? लोक आपली घरं, खोल्या पर्यटकांना भाड्याने देतात त्या एअरबीएनबी या साइटवरच्या जागांचा काही संशोधकांनी २०१५ मध्ये अभ्यास मांडला होता. सरासरी गुण निघाले ५ पैकी ४.७ आणि जवळजवळ ९५ टक्के जागांना साडेचार किंवा त्याहून जास्त. सगळाच वर्ग पहिला आला असेल तर गुणपत्रिका बघून काय कळणार? मी आता गुण बघतच नाही. तीन तारेवाले रिव्ह्यू वाचते, तेही अलीकडचे. पाच तारेवाला खूश असतो, एक तारेवाला पेटलेला असतो, तीनवाला मात्र नळाला धार कशी होती ते सांगतो. आणि मालकाची उत्तरं वाचते. ‘आपल्या अभिप्रायाबद्दल आभार’ हे सगळ्यांना चिकटवलेलं असेल तर तिथे ऐकून घेणारं कुणी नाही. ‘तुम्हीच उशिरा आलात’ असं भांडत असेल तर आपल्याशीही भांडणार. ‘पंप बिघडला होता, बदलला’ असं लिहिलं असेल तर निदान माणूस जिवंत आहे.

यावर माझ्याच एका मैत्रिणीचं मत वेगळं आहे. तिच्या मते एकाने ठरवायचं आणि दुसऱ्याने गप्प बसायचं, त्यातच शहाणपण, दोघं बसले की तारीखसुद्धा ठरत नाही. असेल. पण मला त्यात एक नुकसान दिसतं. नेदरलँड्समध्ये १,५३० प्रौढांवर झालेला, २०१० साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास आहे. सुट्टीवर जाणारे लोक न जाणाऱ्यांपेक्षा जास्त आनंदी कधी होते? जायच्या आधी. परत आल्यावर दोघांच्यात फारसा फरक उरला नव्हता. अगदी निवांत सुट्टी झालेले तेवढे थोडे दिवस वरचढ राहिले. म्हणजे खरी मजा आहे ती ठरवण्यात, नकाशे बघण्यात, ‘हे बघ, इथून टेकडी दिसते’ म्हणण्यात. आमच्याकडे ती एकटीने उरकायची असते, आणि वर घड्याळ धावत असतं. ‘काहीही चालेल’ म्हणणाऱ्याने नेमका चांगला भाग सोडला आणि जनरेटरच्या वेळेला हजर झाला.

तक्रारीचंही तसंच. प्रत्येक जोडप्यात एक भांडणारा असतो आणि एक "जाऊ दे ना, दोन रात्रींचा तर प्रश्न आहे" म्हणणारा. या दोन जाती आपल्याच जातीत लग्न करत नाहीत, कायम एकमेकींशीच करतात. गंमत म्हणजे मला विचारताना भांडणारा नवरा काउंटरसमोर ‘जाऊ दे’वाला होतो.

परवाच्या खेपेला मात्र मी बॅग उघडू दिली नाही. पलंगावर बसूसुद्धा दिलं नाही. दोघं मिळून खोली तपासली. त्याने फ्लश ओढला, कडी लावून बघितली, मी नळ सोडला, एसी सुरू करून त्याच्याखाली उभी राहिले. एसीतून थेंब पडत होते, थेट उशीवर. मी व्हिडिओ काढला. मग म्हटलं, "आता तू जा खाली. मी नाही येणार." तो गेला. पहिल्यांदा ‘टेक्निशियन पाठवतो’ झालं. मग ‘हाऊस फुल आहे’ झालं. तो तिथेच सोफ्यावर बसून राहिला, ज्या कलेत त्याचा हात कुणी धरू शकत नाही. अर्ध्या तासात वरच्या मजल्यावरची खोली निघाली. बॅगा आवळलेल्या होत्या, पलंगाची घडी मोडलेली नव्हती, त्यामुळे ‘तुम्ही खोली वापरलीत’ म्हणायलाही त्यांना जागा नव्हती. तोच माणूस संध्याकाळभर "मी खोली बदलून घेतली" हे तीन नातेवाइकांना फोनवर सांगत होता. सांगू दे. त्या दिवशी रिव्ह्यूंचा विषय निघाला नाही.

राहता राहिला आपण सगळे मिळून करतो तो गुन्हा. जनरेटर कापून टाकलेला फोटो. ज्याने बुकिंग केलं त्याला आपली निवड चुकली नाही हे जगाला दाखवायचं असतं, आणि दुसऱ्याला लाइक हवे असतात. मग दोघंही मावळत्या सूर्याकडे बघत उभे राहतात, वर ‘ब्लिसफुल वीकेंड’, आणि खाली कुणीतरी विचारतंच, "वा! कुठलं रिसॉर्ट? डिटेल्स दे ना." अशाने पुढचं जोडपं त्याच खचलेल्या गादीवर जाऊन पडतं.

म्हणून त्या जनरेटरवाल्या जागेचं नाव एका वहिनींनी विचारलं, तेव्हा मी त्यांना न कापलेले फोटो पाठवले. गादी, वायरी, भिंतीवरची ओल, सगळं. दोन निळ्या टिका आल्या. बराच वेळ ‘टायपिंग’ दिसत राहिलं. मग उत्तर आलं: "अगं, आम्ही कालच बुक केलं. नॉन-रिफंडेबल. यांना काही सांगू नकोस हं."