नुसतं बटण फिरवून भागत नव्हतं: ‘रेडिओचं खरं सत्य’ या फॉरवर्डला उत्तर

विज्ञान दिन जवळ आला की ‘रेडिओचं खरं सत्य’ नावाचा एक लांबलचक फॉरवर्ड फिरायला लागतो. यंदा तो घरच्या ग्रुपवरून भाचीच्या शाळेतल्या भाषणात शिरला. पोरीचं पाठही झालं होतं. मुलं इतक्या मेहनतीने चुकीचं पाठ करतात याचा राग येतो, म्हणून एकेक मुद्दा घेऊन उत्तर देतो.

दावे चार आहेत. एक, ट्यूनिंगचा, म्हणजे यंत्र हव्या त्या एकाच लहरीशी जुळवण्याचा, शोध जगदीशचंद्र बोस यांचा. मार्कोनीने त्यांचं ‘ट्यून होणारं यंत्र’ चोरून १९०१ साली अटलांटिकपलीकडचा संदेश पकडला. दोन, १९४३ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने मार्कोनीला खोटं ठरवून रेडिओचा शोध टेस्लाच्या नावावर केला. तीन, १९०३ साली लंडनच्या एका जादूगाराने मार्कोनीची गुप्त फ्रिक्वेन्सी ‘हॅक’ केली. चार, त्या काळच्या ऑपरेटरांनी रिसीव्हरचं बटण नीट फिरवलं असतं तर एका केंद्राचा संदेश दुसऱ्यात घुसलाच नसता आणि टायटॅनिकवरची माणसं वाचली असती.

चौथ्यापासून सुरुवात करतो. ट्यूनिंग म्हणजे काय हेच लिहिणाऱ्याला ठाऊक नाही, आणि बाकीचे घोळ तिथूनच निघालेत.

आज बटण फिरवलं की एक स्टेशन जाऊन दुसरं येतं, कारण आजचं स्टेशन ठरलेल्या वारंवारतेची अखंड लहर सोडतं. १९०० च्या आसपासची केंद्रं ठिणगीवर चालत. सगळ्यांत साध्या मांडणीत एरियल आणि अर्थ (जमिनीला जोडलेली तार) यांच्यामध्ये ठिणगीची फट असे. इंडक्शन कॉइलने (उच्च दाबाची वीज देणाऱ्या गुंडाळीने) एरियल विजेने भरायचं; फट फुटली की साठलेला भार एरियलमध्ये मोजकी आंदोलनं करून विरून जायचा. तंबोऱ्याच्या तारेशी सूर जुळवता येतो, दारावर बसलेल्या थापेशी कसा जुळवणार? असा धक्का आसपासच्या प्रत्येक एरियलला त्या एरियलच्या स्वतःच्या लहरलांबीवर हलवतो. रिसीव्हर ३०० मीटर लांबीच्या लहरीला लावा नाहीतर ६०० च्या, जवळचं ठिणगी-केंद्र दोन्हीकडे ऐकू येणारच. दोष पाठवणाऱ्या टोकाला होता, आणि ऐकणाऱ्याचं बटण तो दुरुस्त करू शकत नव्हतं.

किती फरक पडतो ते आकड्यांत बघा. अमेरिकेच्या १९१२ च्या रेडिओ कायद्याने लहर किती वेगाने विरावी यावर मर्यादा घातली: लॉगॅरिद्मिक डिक्रिमेंट ०.२ पेक्षा जास्त नको. म्हणजे प्रत्येक आंदोलन आधीच्याच्या निदान ८२ टक्के हवं. या मर्यादेवरचं केंद्र घेतलं तर तेवीस-चोवीस आंदोलनांत लहर एक टक्क्यावर येते. ६०० मीटर म्हणजे सेकंदाला पाच लाख आंदोलनं, म्हणजे हा सगळा खेळ ५० मायक्रोसेकंदांत आटोपतो. इतकी तोकडी लहर साधारण ३२ किलोहर्ट्झ रुंद पसरते. आपल्याकडे मीडियम वेव्हवर दोन स्टेशनांत ९ किलोहर्ट्झचं अंतर असतं. कायदा पाळणारं एक ठिणगी-केंद्र तीन स्टेशनांची जागा खात होतं. साध्या एरियलवालं तर त्याहून कितीतरी जास्त.

यावरचा उपाय म्हणजे ठिणगी एरियलमधून काढून कंडेन्सर (वीज साठवणारा भाग) आणि कॉइल (तारेची गुंडाळी) यांच्या वेगळ्या बंद मंडलात (विजेच्या वाटेत) ठेवणं, आणि तिथून ट्रान्सफॉर्मरने ऊर्जा एरियलला देणं. बंद मंडल सहजासहजी ऊर्जा सोडत नाही, म्हणून लहर लांबते. पण इथेही मेख आहे. कपलिंग, म्हणजे दोन मंडलांमधली जोड, घट्ट ठेवलं तर दोन मंडलं एकमेकांत ऊर्जा टोलवतात आणि एकाऐवजी दोन लहरी निघतात. ६०० मीटरचं केंद्र ०.२ कपलिंगवर चालवा, ५३७ आणि ६५७ मीटर अशा दोन ठिकाणी ऐकू येईल. कपलिंग सैल केलं तर लहर एकच राहते, पण एरियलला ऊर्जा कमी पोचते. जर्मन भौतिकशास्त्रज्ञ मॅक्स वीनने १९०६ च्या सुमारास चटकन विझणारी ठिणगी आणली, तेव्हा कुठे घट्ट कपलिंग आणि एकच लहर दोन्ही साधलं.

आता रिसीव्हर. सुरुवातीचा कोहीरर हा धातूच्या कणांचा खटका होता: ठरावीक जोराच्या वर धक्का आला की तो वाहक होणार. ट्यून केलेला बारीक संदेश असो की शेजारचा बिनसुराचा दणका, कागदी फितीवर ठिपका सारखाच उमटे. शिवाय हव्या त्या लांबीवर लावायला फिरवायचं बटणच नव्हतं. मार्कोनीच्या रिसीव्हरमधला ‘जिगर’ नावाचा छोटा ट्रान्सफॉर्मर त्या-त्या लहरीसाठी गुंडाळलेला असे. लहर बदलायची तर जिगर बदलायचा.

बटणं आली ती नंतर, आणि तेव्हाही काम एका बटणाचं नव्हतं. क्रिस्टल (लहर ओळखणारा खनिजाचा खडा) आणि सरकत्या कॉइलींचा रिसीव्हर असा लावत: आधी बझर वाजवून क्रिस्टलवरचा चांगला ठिपका शोधायचा. मग क्रिस्टलकडची दुय्यम कॉइल एरियलकडच्या प्राथमिक कॉइलमध्ये पूर्ण सरकवायची. या स्थितीत सगळंच ऐकू येतं, नको असलेलंही. एरियलकडचा स्लायडर हलवून हवं ते केंद्र मोठ्यात मोठं करायचं, मग दुय्यम बाजूचा कंडेन्सर लावायचा. ६०० मीटरसाठी ०.००१ मायक्रोफॅरड आणि सुमारे १०० मायक्रोहेन्री ही जोडी बसते. आता दुय्यम कॉइल थोडी बाहेर ओढायची. आवाज पडतो, आणि कपलिंग बदलल्याने दोन्ही बाजूंची जुळणीही किंचित सरकते. म्हणून कंडेन्सर पुन्हा, स्लायडर पुन्हा, कॉइल अजून थोडी बाहेर. दोन-तीन फेऱ्यांनंतर हवं ते केंद्र बारीक पण स्वच्छ राहतं आणि शेजारचं मागे पडतं. नवखा माणूस इथेच चुकतो: आवाज पडला की कॉइल परत आत ढकलतो आणि मिळवलेलं सगळं घालवतो. दुसरी चूक क्रिस्टल पूर्ण कॉइलवर जोडण्याची. क्रिस्टल सतत ऊर्जा खातो, त्यामुळे ट्यूनिंगची धार बोथट होते; त्याला काही वेढ्यांवरच जोडायचं.

एवढं मात्र कबूल की दोन्ही टोकं नीट जुळवली तर केंद्रं खरंच वेगळी होत. १९०० साली इंग्लंडमधलं पूल हे गाव आणि आइल ऑफ वाइट बेटावरचं नाइटन यांच्यात, सुमारे पन्नास किलोमीटरवर, एकाच एरियलला जोडलेल्या दोन रिसीव्हरांवर एकाच वेळी एक संदेश इंग्रजीत आणि एक फ्रेंचमध्ये उमटला. मार्कोनी कंपनीचे सल्लागार फ्लेमिंग यांनी ‘टाइम्स’ला पत्र लिहून ते जाहीर केलं. पण दोन्ही ट्रान्समीटर मार्कोनीचे होते, मुद्दाम वेगवेगळ्या लहरींवर बांधलेले. परक्याचं केंद्र मध्ये आलं की गोष्ट वेगळी. १९०१ च्या न्यू यॉर्कच्या नौकाशर्यतीत तीन प्रतिस्पर्धी कंपन्यांनी एकमेकांचे संदेश पार बुडवले.

आता बोस यांच्याकडे वळू. हा दावा सगळ्यांत जास्त खुपतो, कारण त्यात बोस यांचं नसलेलं काम त्यांच्या नावावर घालून त्यांचं खरं काम पुसलं जातं. बोस ५ मिलिमीटर ते अडीच सेंटिमीटर इतक्या आखूड लहरींवर काम करत होते, त्यांचं परावर्तन आणि ध्रुवीकरण तपासत होते. त्या कामात कंडेन्सर-कॉइलचं ट्यूनिंग नव्हतं, कारण त्याची गरजच नव्हती. एप्रिल १८९९ मध्ये रॉयल सोसायटीसमोर त्यांचा जो निबंध वाचला गेला तो स्वतःहून पूर्ववत होणाऱ्या कोहीररवर होता, म्हणजे लहर ओळखणाऱ्या भागावर. लहर निवडणारा भाग वेगळा असतो.

आणि १२ डिसेंबर १९०१ चा प्रसंग तर या दाव्याच्या बरोबर उलटा आहे. न्यूफाउंडलंडच्या सिग्नल हिलवर मार्कोनीचं एरियल पतंगाला टांगलेलं होतं, सुमारे दीडशे मीटर तार. वाऱ्याने पतंग वर-खाली होई, तशी तारेची जमिनीशी असलेली कपॅसिटी बदलत जाई, आणि एरियलचा स्वतःचा सूर क्षणाक्षणाला सरके. ट्यून केलेल्या रिसीव्हरला स्थिर एरियल लागतं. म्हणून मार्कोनीने तो बाजूला ठेवला आणि एरियल, कोहीरर, अर्थ आणि कानाला टेलिफोन एवढीच मांडणी केली. ज्या संदेशासाठी ‘ट्यून होणारं यंत्र चोरलं’ म्हणतात, तो संदेश ट्यूनिंग सोडून देऊनच घेतला होता! दोन महिन्यांनी फिलाडेल्फिया जहाजावर एरियल डोलकाठ्यांना पक्कं बांधलेलं होतं. तिथे ट्यून केलेला रिसीव्हर चालला आणि संदेश फितीवर उमटले.

फॉरवर्डमध्ये अर्धं सत्य आहे ते याच जागी. सिग्नल हिलवरचा कोहीरर, म्हणजे पाऱ्याची नळी, इटालियन नौदलाकडून आला होता, आणि लोखंड व पाऱ्याची तशी मांडणी बोस यांनी दोन वर्षं आधी छापून प्रसिद्ध केली होती. मार्कोनीने त्यांचं नाव घ्यायला हवं होतं, घेतलं नाही. गॅलेना क्रिस्टलच्या डिटेक्टरचं अमेरिकन पेटंटही बोस यांना १९०४ साली मिळालं. भाषणात हे सांगा, अभिमानाने सांगा.

ट्यूनिंगचं श्रेय शोधायचं तर १९४३ चा निकालच वाचावा. २१ जूनचा तो निकाल पहिल्या महायुद्धात सरकारने केलेल्या वापराच्या भरपाईचा आहे, रेडिओचा जनक कोण याचा नाही. न्यायालयाने मार्कोनीच्या ७६३७७२ क्रमांकाच्या पेटंटातले चार जुळलेल्या मंडलांचे (दोन पाठवणाऱ्या टोकाला, दोन ऐकणाऱ्या) मुख्य दावे रद्द केले, कारण इंग्रज भौतिकशास्त्रज्ञ लॉज, टेस्ला आणि अमेरिकन अभियंते जॉन स्टोन स्टोन यांचं काम आधीचं होतं. लॉज यांनी दोन लेडन जार (वीज साठवणाऱ्या काचेच्या बरण्या) एका सुरात आणून १८८९ साली हेच तत्त्व दाखवलं होतं आणि १८९७ साली पेटंट मागितलं होतं. स्टोन यांचा अर्ज फेब्रुवारी १९०० चा, मार्कोनीचा अमेरिकेतला अर्ज त्याच वर्षीच्या नोव्हेंबरचा. यशस्वी बिनतारी प्रक्षेपण प्रथम करणारा ही मार्कोनीची ख्याती त्याच्या मूळ पेटंटावर उभी आहे आणि ते इथे वादात नाही, हे त्याच निकालपत्रात स्वच्छ लिहिलेलं आहे. टेस्लाला त्यात वाटा मिळाला, रेडिओ नाही.

जादूगाराचं थोडक्यात. जून १९०३ मध्ये रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये फ्लेमिंग यांचं व्याख्यान चालू असताना नेव्हिल मॅस्केलाइनने जवळच्या इजिप्शियन हॉलमधून संदेश घुसवले, हे खरं. पण काही शे मीटरवरून साधी ठिणगी सोडली तर गुप्त फ्रिक्वेन्सी शोधून काढायची गरज पडत नाही; वर सांगितलेला दणका पुरतो. ट्यून केलेल्या रिसीव्हरला परका धक्का लागत नाही या दाव्याचीच त्याला परीक्षा घ्यायची होती. जवळच्या ट्रान्समीटरचा त्रास ट्यूनिंग सुधारल्यावरही संपला नाही: १९२७ साली भारतातून इंग्लंडशी बीम सेवा (ठरावीक दिशेने लहर सोडणारी बिनतारी तारसेवा) सुरू झाली तेव्हाही प्रक्षेपण खडकीला आणि ग्रहण दूर दौंडला ठेवावं लागलं.

राहिलं टायटॅनिक. त्यावर मार्कोनी कंपनीचा तीन मंडलांचा मल्टिपल ट्यूनर होता, ८० ते २६०० मीटर. बटणांची कमतरता नव्हती. कॅलिफोर्नियन जहाज जवळ होतं, दोघंही ६०० मीटरवर, त्यामुळे त्याचा बर्फाचा इशारा न्यूफाउंडलंडच्या किनाऱ्यावरच्या केप रेस केंद्राच्या बारीक संदेशावर आदळला आणि टायटॅनिकच्या ऑपरेटरने त्याला गप्प बसायला सांगितलं. एकाच लहरीवरची दोन केंद्रं कुठलाही ट्यूनर वेगळी करत नाही. नंतर कॅलिफोर्नियनचा एकुलता ऑपरेटर झोपायला गेला, टक्कर त्यानंतर झाली, आणि संच बंद असताना मदतीची हाक ऐकायला कोणीच नव्हतं. म्हणून त्याच वर्षी, १९१२ मध्ये, अमेरिकेने मोठ्या प्रवासी जहाजांना रात्रंदिवस पहाऱ्यासाठी दोन ऑपरेटर सक्तीचे केले. आणि ज्या रेडिओ कायद्याने लहर अरुंद ठेवायला लावली, त्यानेच संकटातल्या जहाजाला उलटी मुभा दिली: मदत मागताना ट्रान्समीटर असा लावा की जास्तीत जास्त केंद्रांच्या कामात जास्तीत जास्त व्यत्यय येईल.