खुलासा: अमेरिकेतल्या गोळ्या सरकारने पळवल्या नव्हत्या

अमेरिकेत 2013 साली काडतुसांची टंचाई झाली, ती गृहसुरक्षा खात्याने 160 कोटी गोळ्या विकत घेतल्यामुळे, असा मजकूर पुन्हा फिरतोय. आकडा हवेतला नाही, पण तो खरेदीचा नाही. अनेक वर्षांच्या करारांखाली जास्तीत जास्त किती मागवता येतील, त्याची ती मर्यादा होती. उधारीची मर्यादा लाखाची म्हणून कुणी लाखाचा किराणा भरत नाही!

प्रत्यक्षात काय, ते तिथल्या सरकारी लेखापरीक्षण संस्थेने 2014 मध्ये सांगितलं: खात्याची वर्षाची सरासरी खरेदी सुमारे 10 कोटी 90 लाख, आणि 2013 मध्ये तर ती 8 कोटी 40 लाखांवर आलेली.

मग माल गेला कुठे? लोकांच्या कपाटात. डिसेंबर 2012 मध्ये सँडी हूक या शाळेत झालेल्या गोळीबाराच्या हत्याकांडानंतर बंदुकांचे कायदे कडक होणार या धास्तीने झुंबड उडाली. वॉलमार्टने माणशी तीनच खोकी द्यायला सुरुवात केली. .22 म्हणजे छोट्या, स्वस्त गोळीची पाचशे गोळ्यांची पेटी, जिला तिकडे ‘वीट’ म्हणतात, वीसेक डॉलरची. ती पुनर्विक्रीत पन्नासच्या पुढे गेली. या गोळीत ठिणगीचा मसाला बुडाच्या कडेत भरावा लागतो, त्याची यंत्रं वेगळी. चार दिवसांच्या घबराटीसाठी नवा कारखाना कोण उभारणार? म्हणूनच बाकीच्या गोळ्या आधी दुकानात परतल्या, .22 मात्र सगळ्यात शेवटी.