मिशा फुटल्या, आता फुल तिकीट काढा

कालपासून डोकं तापलंय. प्रदर्शनाच्या तिकीट खिडकीवर ‘विद्यार्थ्यांना सवलत’ अशी ठळक पाटी, सोबत पंधरा वर्षांचा मुलगा, त्याच्या गळ्यात शाळेचं आयकार्ड (सुट्टीच्या दिवशी ते घालायला लावणं म्हणजे काय असतं ते मुलांच्या आयांनाच विचारा). खिडकीतल्या बाई मान वर न करता म्हणाल्या, कॉलेजचं पाहिजे, शाळेचं चालत नाही. बरं, मग लहान मुलांचं हाफ द्या. ते बारापर्यंतच. शाळेच्या लेटरहेडवर पत्र आणून ग्रुपने आलात तर मिळेल म्हणे. म्हणजे चाळीस जणांना घेऊन आरडाओरडा करत आला तर सवलत, एकटा शहाण्यासारखा आला तर फुल.

मी तोंड उघडणार तेवढ्यात मागून आवाज आला, "बरोबर बोलतायत त्या, ताई."

काका. काखेत प्लास्टिकची फाइल, चेहऱ्यावर निवृत्त माणसाचा निवांतपणा.

"शाळेतल्या पोरांना कशाला हवी सवलत? त्यांना खर्च कसला? आईबाप भरतात."

"अहो तेच तर म्हणतेय, आम्हीच भरतो."

"मग भरा की!"

यावर काय बोलणार? काकांनी मुलाला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि खिडकीतल्या बाईंना ऐकू जाईल अशा आवाजात निकाल दिला, "मिशा फुटल्यात." जणू मिशी म्हणजे उत्पन्नाचा दाखला. पोरगं बिचारं स्वतःचे बूट बघायला लागलं, जे मी नुकतेच घेतलेत आणि जे त्याला आत्ताच घट्ट होतायत, पण ते जाऊ दे.

"आमच्या वेळी आम्ही कधी सवलत मागितली नाही," काका सुरूच.

"फुल तिकीट काढायचात?"

"छे, तिकीट कोण काढतंय! मागच्या भिंतीवरून उडी मारायचो."

एवढं सांगून ते माझ्या पुढे सरकले (मी पैसे मोजत होते, त्यांनी संधी साधली), फाइलमधून लॅमिनेट केलेलं कार्ड आणि त्याची झेरॉक्स काढली, "एक सीनियर सिटिझन" म्हणाले आणि वर विचारतात, यावर अजून काही ऑफर आहे का? त्यांच्यामागे एक दाढीवाला, हातात गाडीची किल्ली, कॉलेजचं कार्ड दाखवून अर्ध्या पैशात आत. फुल भरणारे आम्ही दोघंच.

घरी येऊन चिडून शोधत बसले तर सगळीकडे हाच प्रकार. विमानात 12 पूर्ण झाली की पोर मोठं, तिकीट मोठ्यांचं. स्पॉटिफायचा स्टुडंट प्लॅन मात्र 18 पूर्ण आणि कॉलेजात असाल तरच. मधली सहा वर्षं हा प्राणी लहान नाही, मोठा नाही आणि विद्यार्थी तर नाहीच नाही. अ‍ॅपलची शैक्षणिक सवलत शाळेतल्या शिक्षकांना मिळते, त्यांच्यासमोर बाकावर बसलेल्या मुलाला नाही! पडताळणीचं कारण सांगतात, कॉलेजच्या पोरांकडे कॉलेजचा ईमेल असतो वगैरे. पण आंतरराष्ट्रीय स्टुडंट कार्ड, ते आयसिक, 12 वर्षांपासून मिळतं आणि गिटहब (प्रोग्रॅमिंगवाल्यांची वेबसाइट) 13 वर्षांच्या शाळकरी पोरालाही स्टुडंट पॅक फुकट देतं, म्हणजे मनात असलं की जमतं. खरी गोष्ट अशी की कॉलेजवाला उद्या कमावणार, त्याला आत्ताच सवय लावून ठेवायची. शाळेतल्याचे पैसे आईबापाच्या खिशातून तसेही येणारच आहेत, मग कमी कशाला करा? काका तेच तर म्हणत होते, फक्त फुकटात.

हे सगळं मी तावातावाने मुलाला ऐकवलं. कानातला हेडफोन एका बाजूने काढून म्हणतो, "आई, मग तूच घे ना कुठेतरी अ‍ॅडमिशन. तुला मिळेल डिस्काउंट."

आणि मेलं खरंय ते. कॉलेजची कुठलीशी पदविका आहे, आठवड्यातून एकदा क्लास, वयाची अट नाही, ईमेल आयडी मिळतो. फॉर्म डाउनलोड करून ठेवलाय.