इअरबडचा आवाज तुटतो, कारण मध्ये तुम्ही आहात

सोसायटीच्या ग्रुपवर आठवडाभर एक मेसेज फिरतोय: "घरात नीट वाजणारा ब्लूटूथ इअरबड मैदानात चालताना तुटतो, म्हणजे कंपनीने अँटेना हलका घातलाय. लहरी भिंतीतून जातात, मग माणसातून का नाही जाणार? हातपाय हलल्याने रेडिओला काय फरक पडतो? नवीन व्हर्जनचा घ्या, प्रश्न मिटेल."

आधी भिंत. कोरडी वीट कोरडी असते; ही लहर शोषून घेतं ते पाणी. आपल्या स्नायूंत मात्र तीन चतुर्थांश पाणी, वर त्यात क्षार. ब्लूटूथ 2.4 गिगाहर्ट्झवर चालतं आणि या लहरीची तीव्रता स्नायूत जेमतेम सव्वादोन सेंटिमीटर शिरली की 14 टक्क्यांच्या आसपास येते. आपलं धड केवढं जाड आहे ते ज्याचं त्याने मोजावं. मागच्या खिशातल्या फोनची लहर अंगातून आरपार कानाशी पोचतच नाही म्हणा ना. ती एकतर कातडीला लगटून वळसा घेत येते, नाहीतर भिंती-छतावर आपटून.

आता मैदानात आपटायला भिंत कुठून आणायची? उरतो तो अंगावरचा वळसा, आणि त्या वाटेवर लहर बरीच दमते. "घरात वाजतो, बाहेर तुटतो" हा मेसेजवाल्याने कंपनीविरुद्ध उभा केलेला साक्षीदार. तो उलटून कंपनीच्याच बाजूने बोलतोय.

हातापायांचं तर विचारूच नका. हवेत या लहरीची लांबी साधारण साडेबारा सेंटिमीटर. दोन वाटांनी आलेल्या लहरींच्या प्रवासात सहा-सव्वासहा सेंटिमीटरचा फरक पडला की त्या एकमेकींचा जोर मारतात. चालताना झुलणारा हात दर पावलाला याहून कितीतरी जास्त सरकतो, आणि मधूनच वाटेत आडवाही येतो. शिवाय अँटेना अंगाला चिकटला की त्याचा सूर, म्हणजे ज्या वारंवारतेवर तो नीट चालतो ती, उतरतो. कपड्यात शिवलेला अँटेना असेल तर कोपर वाकवलं, कापडाला घडी पडली, एवढ्यानेही तो सुरातून हलतो.

राहिलं नवीन व्हर्जन. गाणी ऐकवणारं नेहमीचं ब्लूटूथ आधीपासूनच सेकंदाला 1600 वेळांपर्यंत चॅनेल, म्हणजे लहरीची नेमकी वारंवारता, बदलतं. एखादा चॅनेल खराब असेल तर त्याचा उपयोग होतो. सगळ्याच चॅनेलांवर तुमची सावली पडली असेल तर उडी मारून जाणार कुठे?

फोन छातीसमोर हातात धरून, एका जागी उभं राहून ऐका. तरीही आवाज तुटला तर मात्र बिल शोधा आणि दुकान गाठा.