गिटारचं फॉल-पिको

मामा बोटीवर नोकरीला होता तेव्हा त्याने जपानहून एक गिटार आणली होती. ती त्याच्या माळ्यावरून माझ्याकडे आली, तेव्हा तिच्या मानेच्या दोन्ही कडांची पट्टी पिवळी पडून पापुद्र्यापापुद्र्यानं गळत होती. या पट्टीला बाइंडिंग म्हणतात. आवाजाशी तिचा काडीचा संबंध नसतो. फिंगरबोर्डच्या, म्हणजे तारा दाबायच्या फळीच्या, लाकडाची उघडी कड झाकायची आणि तिसरा, पाचवा, सातवा फ्रेट, म्हणजे फळीवरची धातूची आडवी सळी, कुठे आहे ते दाखवणारी टिंबं अंगावर वागवायची, एवढंच तिचं काम. फेंडरच्या स्ट्रॅटोकास्टरची मान 1954 पासून या पट्टीवाचूनच जगभर वाजते आहे.

पण ही पट्टी सेल्युलॉइड नावाच्या जुन्या प्लास्टिकची होती, आणि जुनं सेल्युलॉइड नुसतं मरत नाही, शेजाऱ्यांना घेऊन मरतं. कुजताना ते आम्लारी वाफ सोडतं, तिनं फ्रेट हिरवे पडतात, नव्या तारा गंजतात. त्यामुळे पट्टी बदलणं भाग होतं.

हे सगळं मी घरात रीतसर समजावून सांगितलं. मावशीनं शांतपणे ऐकलं आणि म्हणाली, "म्हणजे फॉल-पिको. मग तुळशीबागेत टाक की, संध्याकाळपर्यंत देतात."

गिटार दुरुस्त करणाऱ्यानं तर गिटारकडे न बघताच "नवीन घ्या" असा सल्ला दिला. मग मी बोहरी आळीत हार्डवेअरच्या दुकानात गेलो.

"कडेला लावायची पांढरी पट्टी आहे का? दीड मिलिमीटर जाडीची?"

"एज बँड. प्लाय कुठला आहे?"

"प्लाय नाही. गिटार आहे."

दुकानदारानं मला आपादमस्तक न्याहाळलं. "सागवानी शेड देऊ? गिटार लाकडीच असते ना?" शेजारी उभ्या असलेल्या सुतारानं वर फेविकॉल किती लागेल तेही सांगितलं. शेवटी एबीएस नावाच्या प्लास्टिकची पट्टी ऑनलाइन मागवली. दीडेक मीटरची पट्टी कुरिअरवाल्यानं घट्ट गुंडाळी करून आणली आणि गोल राहायचं हा तिचा बाणा झाला.

तोवर जुनी काढायला घेतली. हेअर ड्रायरनं जपून ऊब द्यायची आणि पातळ सुरी आत सरकवायची. सेल्युलॉइड म्हणजे नायट्रोसेल्युलोज आणि कापूर. हायट बंधूंनी अमेरिकेत 1870 मध्ये त्याचं पेटंट घेतलं. हस्तिदंताऐवजी बिलियर्डचे चेंडू कशाचे करावेत, या विवंचनेतून ते निघालं. हा इतिहास मला पाठ होता, पण खरवडताच दीडशे वर्षांपूर्वीच्या त्या कृतीतला कापूर घरभर दरवळेल, हे कुणी सांगितलं नव्हतं. आतल्या खोलीतून आईचा आवाज आला, "अरे, आरती कुठे चालू आहे?" आणि ती हात जोडूनच बाहेर आली.

वास जिन्यात पोचला आणि सोसायटीचे सेक्रेटरी काका हजर झाले. सेल्युलॉइड हा शब्द ऐकताच ते सोफ्यावरून उठले. "2003 साली आपल्या फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारात जुन्या फिल्म जळाल्या, त्या याच जातीच्या. आणि तू त्यावर ड्रायर मारतोयस?" माहिती शंभर टक्के खरी होती, त्यामुळे वाद घालता येईना. त्या क्षणापासून माझ्या उजव्या हाताला पाण्याची बादली आणि डाव्या हाताला काका अशी व्यवस्था झाली. बादली निदान बोलत नव्हती.

खरा छळ पुढेच. फ्रेटची टोकं बाइंडिंगवर चढलेली असतात. म्हणजे नवी पट्टी वरून ठेवता येत नाही, प्रत्येक फ्रेटच्या पोटाखाली बाजूनं सरकवावी लागते. ती आधी नेमक्या उंचीला खरवडायची. केसभर जास्त राहिली तर आत जात नाही, केसभर कमी झाली तर फ्रेटखाली फट दिसते. फटीत भरायला त्याच पट्टीचे तुकडे ॲसिटोनमध्ये विरघळवून लगदा करतात. भाचीनं मोठ्या मनानं नेलपॉलिश रिमूव्हरची बाटली दिली. तिच्यावर ठळक अक्षरांत लिहिलं होतं, "ॲसिटोन-फ्री." हल्ली नखांची इतकी काळजी घेतात, गिटारवाल्यांची कुणालाच नाही.

गोंद वाळेपर्यंत मान आवळून ठेवायला जुन्या सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या उत्तम. पुण्यात एवढी एकच वस्तू मागितल्याबरोबर मिळाली, तीही फुकट आणि "कशाला हवी?" न विचारता.

मग टिंबं. तीन, पाच, सात, नऊ आणि बाराव्यावर जोडी. बारीक ड्रिलनं भोकं पाडून काळ्या प्लास्टिकच्या काड्या बसवायच्या. एवढ्यात मामा आला आणि त्यानं विचारलं, "दहावर का नाही? माझ्या मेंडोलिनला दहावर होतं." जुन्या मेंडोलिनला खरंच दहाव्यावर खूण असायची. मामाला हे माहीत असणं माझ्या नशिबात होतं.

आता पट्टी बसली, पण इतकी पांढरीशुभ्र की बाकीची गिटार आजारी वाटायला लागली. आईनं हळद सुचवली, मावशीनं चहाचं पाणी. एबीएसवर चहा कसला चढतोय! पिवळसर छटेचा लॅकर मारला, तेव्हा कुठे नवी पट्टी वयात आली.

उरलेली पट्टी मावशीनं देव्हाऱ्याच्या काठाला लावून घेतली. लावण्याआधी "ही ती जळणारी नाही ना?" असं काकांकडून वदवूनही घेतलं. येणारा जाणारा देव्हारा बघून विचारतो, "काठ कुठून करून घेतलात हो?"

मावशी सांगते, "तुळशीबागेतून."